संगीताचा वर्ग कसा टिकतो आणि कसा वाढतो

(मौदा येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी गवई नव्हे. माझे आयुष्य शाळेच्या फळ्यासमोर गेले. परंतु आजचा विषय गाण्याचा दिसत असला तरी त्याच्या मुळाशी प्रश्न शिकवण्याचा आणि शिकवणाऱ्याच्या उदरनिर्वाहाचा आहे. म्हणून त्यावर बोलण्याचे धाडस करीत आहे.

कन्हान नदीच्या काठच्या या आपल्या गावाला गाण्याची आवड नवीन नाही. भजनी मंडळे आहेत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा ठेका आपल्या कानांत आहे. उणीव आहे ती क्रमाने शिकण्याच्या सोयीची. सूर कसा लावावा, ताल कसा मोजावा, राग कसा ओळखावा हे पद्धतशीर शिकावयाचे तर नागपूर गाठावे लागते. आणि शाळा सुटल्यावर दहा-बारा वर्षांच्या मुलीला रोज एवढ्या लांब कोण पाठवणार?

अशी सोय गावात झाली नव्हती असेही नाही. काही वर्षांपूर्वी आपल्यापैकीच एका होतकरू तरुणाने भाड्याच्या खोलीत गायन-वादनाचा वर्ग उघडला. पेटी आणली, तबल्याची जोडी आणली. पहिल्या वर्षी मुले आली, दुसऱ्या वर्षी वाढली आणि तिसऱ्या वर्षी खोलीला कुलूप लागले. मुले कमी पडली म्हणून नव्हे. फी येईना म्हणून. ‘घरचाच माणूस आहे, देऊ सवडीने,’ असे म्हणता म्हणता महिने गेले. मात्र लग्नात, बारशात, सत्यनारायणाला त्याला गावयास बोलावण्यास कोणी विसरले नाही. शाल आणि श्रीफळ त्याला पुष्कळ मिळाले. पण शाल-श्रीफळावर घरमालक भाड्याची पावती फाडत नाही. आज तो नागपुरास एका दुकानात नोकरी करतो.

आता थोर उदाहरणाकडे वळू. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 1872 साली कुरुंदवाडास झाला. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी विद्या घेतली. त्या काळी गाणे शिकावयाचे म्हणजे गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे सेवा करावयाची, आणि गुरूने जगावयाचे ते राजेरजवाड्यांच्या आश्रयावर. हा क्रम मोडण्याचा निश्चय करून पंडितजींनी 1901 साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले. ते कोणा एका संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हते. लोकांची वर्गणी, तिकिटे लावून केलेले जलसे आणि विद्यार्थ्यांची फी यांवर ते चालले. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वरलिपी, परीक्षा अशी शाळेची शिस्त त्यांनी गाण्याला लावली. स्त्रियांसाठीही शिकण्याचे दार उघडले. शिवाय ‘उपदेशक वर्ग’ काढून निवडक विद्यार्थ्यांना अनेक वर्षे आपल्याजवळ ठेवून त्यांना शिक्षक म्हणून तयार केले.

1908 साली विद्यालय मुंबईस आले. पुढे कर्ज काढून मोठी इमारत उभारली. पंडितजींच्या जलशांच्या उत्पन्नावर ते कर्ज फिटावयाचे होते. ते फिटले नाही आणि अखेर सावकारांनी इमारत लिलावात काढली. पंडितजी नाशकास जाऊन रामनामात रमले आणि 1931 साली मिरजेस निवर्तले.

इमारत गेली, पण विद्यालय संपले का? त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. प्रोफेसर बी. आर. देवधरांनी 1925 सालीच मुंबईत आपले संगीत विद्यालय काढले होते. विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 साली पुण्यात विद्यालय उघडले. मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारापर्यंतच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात. जे विटांत घातले ते लिलावात गेले; जे शिष्यांत घातले ते टिकले. संगीताचा वर्ग चालवू पाहणाऱ्याने आणि त्याला साह्य करू पाहणाऱ्या मंडळाने हे ध्यानी ठेवावे.

आता व्यवहाराचा हिशेब मांडतो. समजा, एका वर्गात चोवीस मुले आहेत आणि प्रत्येकी मासिक फी पाचशे रुपये आहे. बारा हजार रुपये जमा झाले. खोलीचे भाडे तीन हजार आणि वीज, पेटीची दुरुस्ती, तबल्याची पुडी बदलणे याला एक हजार धरले, तर गुरुजींच्या हाती आठ हजार राहतात. आता चोवीसांपैकी आठ घरांनी फी दिली नाही असे समजा. जमा आठ हजारच झाली. खर्च मात्र तेवढाच चार हजार राहिला. गुरुजींच्या हाती चार हजार आले. म्हणजे एक तृतीयांश फी बुडाली की निम्मी मिळकत बुडते! ‘एका महिन्याने काय होते?’ असे विचारणाऱ्याने हे गणित घरी एकदा करून पाहावे.

म्हणून वर्ग चालवणाऱ्या तरुणास माझे सांगणे असे. फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी, पावती द्यावी, हजेरीची वही ठेवावी. एका वेळी सहा-आठ मुलेच बसवावी. नवशिक्ये आणि पुढचे विद्यार्थी यांची वेळ निराळी ठेवावी. भातरोवणीच्या दिवसांत आणि शाळेच्या परीक्षांच्या वेळी हजेरी घटते, हे आधीच जाणून वर्षाची आखणी करावी. वर्षातून एकदा पालकांसमोर मुलांचे गायन ठेवावे. ज्या आईबापांनी आपल्या मुलाचा लागलेला सूर ऐकला, त्यांना फीची आठवण करून द्यावी लागत नाही. आणि स्वतःचा रियाज सोडू नये. मोबाईलवर आज हवे ते गाणे ऐकावयास मिळते. परंतु ‘बाळ, तुझा गंधार उतरला’ असे सांगणारा कान समोर बसलेल्या गुरूचाच असतो.

वर्ग वाढवावयाचा असेल तर मोठी खोली शोधण्याआधी दुसरा शिक्षक तयार करावा. प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन आणि मध्यमेच्या दोन अशा पाच परीक्षा पार केलेल्या विद्यार्थ्याकडे लहान मुलांचा वर्ग सोपवावा आणि त्याला त्याचे वेतन द्यावे. मुलींना तर हे विशेष उपयोगी आहे. आपल्याकडे मुलीचे लग्न ठरले की तिची पेटी माळ्यावर जाते. पण शिकवण्याचे अंग तिला आले असेल तर सासरच्या गावीही ती वर्ग उघडू शकेल.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, ‘विद्या विकू नये, विद्यादान करावे.’ हा विचार उदात्त आहे. परंतु मी इतकी वर्षे शिकवले ते दरमहा पगार घेऊन, आणि त्यामुळे मला कोणी कमी लेखले नाही. मग सरगम शिकवणाऱ्याकडूनच दानाची अपेक्षा का? दान हे देणाऱ्याने आपल्या खुशीने द्यावयाचे असते. घेणाऱ्याने ते हक्काने वसूल केले की त्याचे नाव दान राहत नाही.

यास्तव मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, आपल्या सभागृहाची एक खोली सायंकाळी संगीताच्या वर्गास माफक भाड्याने द्यावी. दोन, गरीब घरच्या मुलांची फी मंडळाने भरावी; गुरुजींना ‘फुकट शिकवा’ असे सांगू नये. तीन, मंडळाच्या कार्यक्रमात जो गाईल वा वाजवील त्यास शाल-श्रीफळाबरोबर ठरलेली बिदागी द्यावी. आणि हा वर्ग केवळ ज्ञातीचा नसावा. गावातील कोणाही मुलास तेथे बसता यावे. सुराला जात नाही, आणि चोवीस मुले जमवावयाची तर सगळ्या गावाची साथ हवी, हा व्यवहारही आहेच.

नागपुरास दुकानात बसलेला तो तरुण अजून गातो. त्याला परत बोलवावयाचे असेल तर सत्काराचे पत्र धाडू नका. चोवीस घरांनी पहिल्या महिन्याची फी आगाऊ जमवून, खोलीची किल्ली त्याच्या हाती द्या. एवढे झाले तर पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात व्याख्यानाऐवजी आपल्या मुलांचे गाणे ऐकण्याचा योग येईल, अशी मला आशा आहे.