छंद सुटतो कसा, परत येतो कसा

हौशी आकाशनिरीक्षकांमध्ये सहज चौकशी करून बघा. मधली दहा-पंधरा वर्षं बहुतेकांची कोरीच गेलेली असतात. पोरवयात नक्षत्रं तोंडपाठ, मग नोकरी, लग्न, बदल्या आणि दुर्बीण माळ्यावर. माझंही तसंच झालं. याचं खापर आपण वेळेवर आणि शहरातल्या दिव्यांवर फोडतो. दोन्ही कारणं खरी आहेत, पण तेवढ्यानं छंद सुटत नाही.

माझ्या पिढीला आकाशाचा नाद लावला तो हॅलेच्या धूमकेतूनं. १९८६ साली तो आला आणि प्रत्यक्षात एक धुरकट ठिपकाच दिसला. पण त्याच्या निमित्तानं शाळाशाळांतून व्याख्यानं झाली, लोक गच्चीवर चढले. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था काम करत होतीच. मुंबईत १९७७ साली नेहरू तारांगण सुरू झालं होतं. पुढे खगोल मंडळ या संस्थेबरोबर वांगणीला आकाश बघत रात्र जागवून आलेली मुलं घरोघरी दिसू लागली.

नंतरच्या दशकात तर आकाशानं लयलूटच केली. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले. २४ ऑक्टोबर १९९५ ला उत्तर भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. १९९६ ला ह्याकुताके आणि १९९७ ला हेल-बॉप, असे दोन तेजस्वी धूमकेतू लागोपाठ आले. हेल-बॉप तर भर शहरात, रस्त्याच्या दिव्याखाली उभं राहूनही दिसायचा.

मन सोकावलं ते इथे. काहीतरी घडणार असेल तरच वर बघायचं, ही सवय लागली. आणि घटना काही आपल्या सोयीनं येत नाहीत. ११ ऑगस्ट १९९९ चं खग्रास ग्रहण ऐन पावसाळ्यात आलं. १२२ वर्षांनी होणारं शुक्राचं अधिक्रमण आलं ८ जून २००४ ला, म्हणजे मृग लागण्याच्या सुमाराला. दोन-तीनदा ढगांनी दगा दिला की माणूस म्हणतो, फोटो उद्या पेपरात येतीलच.

त्यात आपल्याकडे चार महिने पावसाळ्याची सक्तीची सुट्टी. ऑक्टोबरात दुर्बिणीची पेटी उघडावी, तर नेत्रिकेच्या काचेवर पांढऱ्या, फाटे फुटलेल्या तंतूंची बुरशी. वेळीच लक्ष गेलं नाही, तर ती काचेवरचा लेप खाते आणि पुसली तरी तिचे डाग राहतात. एखाद्या वर्षी पेटी उघडायचीच राहून जाते. पुढच्या वर्षी तिची आठवणही होत नाही.

मग छंद परत येतो तो कशानं? माझ्या बाबतीत एका मंदावलेल्या ताऱ्यानं. २०१९ च्या अखेरीस मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी फिका पडू लागला. मृगाच्या चार पायांपैकी हा एक. एरवी आकाशातल्या सर्वांत तेजस्वी दहा-अकरा ताऱ्यांत त्याची गणना. फेब्रुवारी २०२० मध्ये तो शेजारच्या दुसऱ्या पायाच्या ताऱ्याइतकाच उरला. हे बघायला दुर्बीण लागली नाही, गाव सोडावं लागलं नाही. ताऱ्यानंच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती त्याच्या आड आली, असा निष्कर्ष पुढे शास्त्रज्ञांनी काढला.

पण तो परत उजळल्यावरही मी बघत राहिलो, कारण तोवर हाताला काम मिळालं होतं. तेजाचा अंदाज घेण्याची रीत साधी आहे. आपल्या ताऱ्याहून थोडा तेजस्वी एक आणि थोडा मंद एक, असे दोन तारे निवडायचे. शक्यतो सारख्याच उंचीवरचे, कारण क्षितिजाजवळची हवा तेज गिळते. मग आपला तारा त्या दोघांत कुठे बसतो ते ठरवायचं. लाल ताऱ्याकडे टक लावली तर तो आहे त्याहून तेजस्वी भासतो, म्हणून नजर झरझर फिरवायची. तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहायचा, की झालं. घटना असो वा नसो, हा नेम चालू राहतो. रियाजाला कुठे मैफलीची तारीख लागते?

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांना मी मायावती सुचवीन. ययाती तारकासमूहातला हा तारा दर २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी मंद होतो. सुमारे पाच तास उतरतो, पाच तास चढतो, आणि सर्वांत खाली असताना त्याचं तेज नेहमीच्या एक तृतीयांशाहूनही कमी असतं. एक मंद तारा तेजस्वी जोडीदाराच्या आड येतो म्हणून हे घडतं. १७८३ साली जॉन गुडरिक या विशीही न गाठलेल्या कर्णबधिर इंग्रज तरुणानं हा काळ मोजला आणि आड येणाऱ्या पिंडाची कल्पना मांडली. त्यानंही डोळ्यांनीच तुलना केली होती.

एकदा मायावती खाली गेलेली सापडली, की दर तिसऱ्या दिवशी साधारण तीन तास आधी ती पुन्हा तिथेच असणार. आपण बांधलेला अंदाज खरा ठरताना बघणं, ही या छंदातली खरी गोडी.

तेव्हा श्रोतेहो, तुमचाही छंद असाच सुटला असेल, तर पुढच्या धूमकेतूची वाट बघू नका आणि नव्या दुर्बिणीच्या किमतीही विचारू नका. ऑक्टोबरच्या संध्याकाळी मायावती ईशान्येला उगवलेली असते. एक वही घ्या आणि गच्चीवर जा.