लढाई त्यांची, कापूस आपला
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



घरात वेचणीचा कापूस पडून आहे आणि तरी तुम्ही इथवर आलात. म्हणून बोलणार आहोत ते कापसाचेच. पण सुरुवात मुंबईपासून करतो.

मागे एका कामासाठी आम्ही गिरगावात उतरलो होतो, खोताच्या वाडीजवळ. लाकडी खांबांची कौलारू घरे, पुढे ओसरी, बाहेरून जिना. आणि चहूबाजूंनी अंगावर येणाऱ्या उंच इमारती. खोताचे नाव ऐकले की कोकणातल्या जुन्या कुळाला अजून घाम फुटतो. राबणारा एक, वसूल करणारा दुसरा. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. पण पिकवणारा एक आणि घेणारा दुसरा, हा हिशेब गेला का?

वाडीतून पश्चिमेला चालत निघाले की थोड्याच वेळात समुद्र लागतो. तिथे उभे राहून आम्हाला १८६१ साल आठवले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, तिकडचा कापूस अडकला आणि विलायतेतल्या गिरण्या उपाशी पडल्या. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की याच समुद्रात भर टाकून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरला मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव येऊ लागला. १८६५ साली लढाई संपली. भाव कोसळले, १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा भल्याभल्या पेढ्या बुडाल्या.

शेतकऱ्याचे काय झाले? भाव चढले तेव्हा सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले. पुढे सरकारने जमिनीचा साराही वाढवला. भाव पडले, कर्ज आणि सारा मात्र जागेवरच राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, ते उगाच नव्हे. त्या तेजीच्या पैशातून प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने बांधवलेला राजाबाई टॉवर मुंबईत अजून उभा आहे. कापूस पिकवणाऱ्याच्या नावाचा दगड काही आमच्या पाहण्यात आला नाही.

दुसरी गोष्ट परळ-लालबागची. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या गिरण्या फौजेच्या खाकी कापडासाठी धडधडत होत्या. गिरणीवाल्यांची चांदी झाली. आणि आपला वऱ्हाड-खानदेश? आपला आखूड धाग्याचा कापूस जपानला जायचा. १९४१ साली जपानचा बाजार बंद झाला आणि तो कापूस घेणारा कोणी उरेना. लढाई तीच, कापूस तोच. एकाचे घर भरले, दुसऱ्याचे बसले.

आता आजचे पाहू. स्टॉकहोमची सिप्री संस्था जगाच्या लष्करी खर्चाचा हिशेब ठेवते. २०२४ साली हा खर्च २,७१८ अब्ज डॉलरवर गेला. एका वर्षात नऊ टक्क्यांहून जास्त वाढ. अंधारात दिसणारा चष्मा, गोळी अडवणारे जाकीट, हलके शिरस्त्राण, ड्रोन. जवानाच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूचा मोठा बाजार झाला आहे. आपल्या देशाची संरक्षण सामानाची निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटींची होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली.

तुम्ही म्हणाल, यात आमचे काय? जाकिटात कापूस नसतो, खरे आहे. पण २०२२ साली आपल्या लष्कराने लढाईचा नवा गणवेश दाखवला, त्याच्या कापडात सत्तर टक्के कापूस सांगितला गेला. आणि खरी गोष्ट सरकीची आहे. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीवर बारीक लव राहते. तिला लिंटर म्हणतात. ती स्वच्छ करून नत्राम्ल आणि गंधकाम्लाच्या मिश्रणातून काढली की नायट्रोसेल्युलोज होते. बंदुकीची आणि तोफेची आजची दारू यापासून बनते. हा शोध १८४६ पासून जगाला ठाऊक आहे. युरोपने २०२३ च्या मार्चमध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देऊ असे कबूल केले, पण वेळेत ते जमले नाही. अडचणी अनेक होत्या. त्यातली एक होती दारूची, आणि दारूसाठी लागणारा लिंटर युरोपला मुख्यतः चीनकडून घ्यावा लागतो.

आणि आपण काय करतो? आपल्याकडची बहुतेक सरकी लव न काढताच घाणीत जाते. लिंटर पेंडीतून ढोरांच्या पोटात जातो! जगातल्या बलाढ्य फौजा ज्याच्यासाठी दारोदार फिरतात ते आपला बैल चघळतो. जोखीम मात्र आपल्या वाट्याला पुरती आली आहे. पुलगावच्या दारूगोळा भांडारात २०१६ साली आग लागली, भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २०२५ च्या जानेवारीत स्फोट झाला. दोन्हीकडे माणसे गेली.

गैरसमज नको. लढाई व्हावी आणि भाव चढावा, असे शेतकरी कधी मागणार नाही. सीमेवर उभा असतो तो कोरडवाहू शेतकऱ्याचाच पोरगा. लिंटर नोटेच्या कागदाला चालतो, दवाखान्याच्या कापसाला चालतो. आमचे म्हणणे एवढेच की मालाचा मालक कोण आणि त्याचे पुढे काय होते, हे आपल्याला कळले पाहिजे. क्विंटलभर कापसातून ३३-३४ किलो रुई निघते, ६५ किलोच्या आसपास सरकी निघते, आणि त्या सरकीवर दोन-चार किलो लिंटर. तेवढ्याने कुणाचे कर्ज फिटणार नाही. पण भाव ठरताना आपण फक्त रुईवर भांडतो आणि बाकीचे फुकट सोडून देतो.

म्हणून तीन कामे घेऊन घरी जा. एक, आपल्या जिनिंगवाल्याला विचारा, सरकी कुठे जाते आणि कोणत्या भावाने. दोन, तालुक्याला एक तरी लव काढणारे यंत्र शेतकऱ्यांच्या मालकीचे व्हावे याचा हिशेब मांडू. माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची सरकारी संस्था आहे, तिच्या दारात आपण एकत्र जाऊ. तीन, लढाईच्या तेजीवर कर्ज काढू नका. १८६५ ची उतरण आजोबा-पणजोबांनी भोगली आहे.

खोती कागदावरून गेली. हिशेबातून ती आपल्यालाच घालवायची आहे.