तणनाशके, पुरुषांचे आरोग्य आणि आपले मौन



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकातील अधिकार आमच्यापाशी नाही; नोंदवह्या वाचण्याची सवय मात्र आहे. मूल होत नाही म्हणून दांपत्य रुग्णालयात येते, तेव्हा केसपेपर बहुधा पत्नीच्याच नावाने निघतो. तपासण्या तिच्या होतात, घरची बोलणीही तीच खाते. पती बाहेरच्या बाकावर बसून राहतो. तो शेतात तणनाशक फवारतो काय, हे त्यास कोणी विचारीत नाही आणि तोही आपणहून सांगत नाही.

१९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे एका रासायनिक कारखान्यातील कामगार आपसांत बोलू लागले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना मूल होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. तपासणीत कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प आढळले वा मुळीच आढळले नाहीत. कारण ठरले डीबीसीपी, हे जमिनीतील सूत्रकृमी मारणारे रसायन. ते तणनाशक नव्हते. परंतु शेतीचे रसायन पुरुषाच्या जननक्षमतेवर आघात करू शकते, हे तेथे सिद्ध झाले. १९७९ साली अमेरिकेत त्याचा बहुतेक वापर थांबविण्यात आला. ही गोष्ट उजेडात आली, ती कामगारांनी संकोच सोडला म्हणून.

तणनाशकांविषयी सांगावयाचे तर, कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ९७ शेतकऱ्यांची पाहणी झाली आणि १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या वीर्यात टू-फोर-डी या तणनाशकाचे अंश सापडले. म्हणून वंध्यत्व येतेच, असे नव्हे. ग्लायफोसेटच्या प्राण्यांवरील काही प्रयोगांत शुक्राणूंवर परिणाम दिसले आहेत. माणसांबाबतचा पुरावा अद्याप निर्णायक नाही. भीती पसरविणे हा आमचा हेतू नाही. मात्र खबरदारीसाठी थांबण्याचे कारण नाही.

पाठीवरचा पंप गळतो, लेंगा ओला होतो आणि तोच दिवसभर अंगावर राहतो. जननेंद्रियाजवळील नाजूक त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा अधिक शोषून घेते. म्हणून गळका पंप वापरू नये, रबरी हातमोजे घालावेत, लघवीला जाण्यापूर्वी व तंबाखू मळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा मागील तीन महिन्यांतील फवारणी डॉक्टरांना अवश्य सांगावी. कामेच्छा मंदावणे वा ताठरतेची तक्रार मधुमेह, रक्तदाब, मद्य आणि चिंता यांनीही उद्भवते. त्यासाठी भोंदू वैद्यांच्या दारी जाण्याऐवजी रुग्णालयात यावे.

येत्या वर्षी दोघांचाही केसपेपर एकाच दिवशी काढावा आणि त्यात व्यवसाय व फवारणी यांची नोंद व्हावी, असा आमचा प्रस्ताव आहे. वीर्यतपासणी साधी व अल्पखर्चाची आहे. तिच्यासाठी एक बंदिस्त, स्वच्छ खोली हवी. देणगीदारांकडे आमचे एवढेच मागणे आहे. आणि मातापित्यांना विनंती, की मुलाची तपासणी झाल्यावाचून सुनेस दोष देऊ नये. जमाखर्चाची एकच बाजू लिहून ताळेबंद जुळत नाही, हे आम्ही हिशेबनीसाच्या नात्याने सांगू शकतो.