लस फक्त लेकरांसाठी नाही

नांदेड-लातूरच्या आजी-आजोबांनो!

1 मार्च 2021 पासून
साठीपुढच्यांना कोरोनाची लस मिळू लागली.
तुम्ही ती घेतलीत.
पण लसीकरण तिथंच संपत नाही.

वय वाढतं, तशी प्रतिकारशक्ती कमी होते.

फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो.
म्हणून फ्लूची लस दरवर्षी घ्यावी.
पावसाळ्याआधी घेतलेली बरी.

न्यूमोनियाची लस वेगळी असते.
तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

सोयाबीन काढताना विळा लागतो,
रानात काटा रुततो.
म्हणून धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी.

मधुमेह, दमा असेल,
तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

नांदेडच्या विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय असो,
की गावचं आरोग्य केंद्र,
तिथं चौकशी करा.
लसीची चिठ्ठी जपून ठेवा.

पुन्हा सांगते,
लस फक्त लेकरांसाठी नाही.
ती तुमच्यासाठीही आहे.