मोजून निघा, मोजून पोचा



आज आपण फटफटीच्या सहलीबद्दल बोलणार आहोत. पूर्वी गावात एखाद्याच्याच दारात फटफटी असे. ती सुरू झाली की पोरं मागं धावत. आज घरटी एक गाडी आहे. गुरुजी शाळेला तिच्यावरून जातात, बाईही आपापल्या स्कूटरवरून येतात, आणि दूधसुद्धा डेअरीला तिच्यावरूनच पोचतं. मग एखाद्या रविवारी पारावर कोणीतरी म्हणतं, “चला की, सगळे मिळून कुठंतरी जाऊन येऊ.” लगेच सगळे हो म्हणतात. बेत इतका सोपा असतो आणि सोपा आहे म्हणूनच त्याचा कोणी विचार करत नाही. आम्हीही केला नव्हता. त्याची हकिगत आधी सांगतो.

आम्ही नऊ जण, नऊ गाड्या. कोरेगावाहून निघालो, साताऱ्यात नाष्टा केला आणि यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडं लागलो. सप्टेंबरचा महिना, भुरभुर पाऊस, वर धुकं. जो तो आपल्या वेगानं निघाला. पठाराजवळ आम्ही चहाला थांबलो. हसणं-खिदळणं चाललं होतं. तेवढ्यात एकानं विचारलं, “आपले ड्रॉइंगचे गुरुजी कुठं आहेत?” “येतील की, मागंच होते,” दुसरा म्हणाला. फोन लावला तर लागेना. पाऊण तासानं आम्ही उलटे फिरलो. गुरुजी घाटातल्या एका वळणावर शेवाळावरून घसरले होते. पाय गाडीखाली सापडला होता. एका दूधवाल्यानं त्यांना बाहेर काढून कडेला बसवलं होतं. दोन महिने पाय प्लॅस्टरमध्ये राहिला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पायाचं काही नाही हो. पण तुम्ही मला मोजलं नाही.”

मंडळी, आम्ही सगळे मास्तर. शाळेची सहल काढली की गाडीत चढताना, उतरताना, जेवायला बसताना दहा वेळा पोरं मोजतो. आणि स्वतःच्या सहलीत नऊ माणसं आम्हाला मोजता आली नाहीत. त्या दिवसापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्याच आज तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट संख्येची. एका टोळीत पाच-सहा गाड्या पुरेत. माणसं जास्त असतील तर दोन टोळ्या करा आणि दोघींमध्ये चांगलं अंतर ठेवा. लांबलचक रांग झाली की मागून येणाऱ्या एस. टी.ला किंवा मोटारीला पुढं जायला जागा मिळत नाही, आणि तो चालक मग धोका पत्करतो.

दुसरी गोष्ट, आदल्या दिवशी अर्धा तास एकत्र बसा. कुठं जायचं, कुठं थांबायचं, परत किती वाजता निघायचं, हे कागदावर लिहा. हिशोब असा करा. कोरेगावाहून सातारा सुमारे २० किलोमीटर, तिथून कास सुमारे २५. म्हणजे जाऊन-येऊन ९०. एकटा माणूस हे अंतर लवकर काटतो, पण टोळीचा वेग थांबे धरून घाटात ताशी २५-३० च्या वर धरू नये. म्हणजे जायला पावणेदोन तास आणि यायलाही तेवढेच. अंधाराच्या आत घाट उतरायचा, तर निघायची वेळ दुपारी चारची ठरते. ती वेळ पाळा. रात्री रस्त्यावर दिवे नसलेल्या ट्रॉल्या आणि मोकाट जनावरं भेटतात, विशेषतः उसाच्या हंगामात. शिवाय कासला फुलांच्या दिवसांत माणसांच्या संख्येवर मर्यादा असते. आधी नोंदणी करून मगच निघा, नाहीतर दारातून परत यावं लागेल.

पेट्रोलचं म्हणाल तर ज्याची टाकी सर्वांत लहान, त्याच्या टाकीवर थांबे ठरवा. आणि खर्चाचं आधीच बोलून घ्या. परत आल्यावर दहा-वीस रुपयांवरून मैत्रीत कुरबूर नको.

तिसरी गोष्ट गाड्यांची. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं आपली गाडी पाहावी. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासावी. मागं माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते, किती ते गाडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं. टायर गुळगुळीत झाला असेल तर ती गाडी घाटात नेऊ नये, मालकाला कितीही वाईट वाटो. ब्रेक, चेनचा ताण, पुढचा-मागचा दिवा, हॉर्न पाहावा. सगळ्यांत मिळून एक पिशवी असावी. तिच्यात पंक्चरचं सामान, पाना-स्क्रूड्रायव्हर, क्लचची एक जादा वायर, बॅटरी, दोरी आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. ही पिशवी शेवटच्या गाडीवर ठेवायची. कारण बंद पडलेली गाडी मागून येणाऱ्यालाच भेटते.

आता तुम्ही म्हणाल, हेल्मेटचं काय? त्यात चर्चेला जागाच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणं चालवणाऱ्यानं आणि मागं बसणाऱ्यानंही हेल्मेट घातलं पाहिजे. आय. एस. आय. खूण असलेलं घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना माणसाच्या आधी निघून जातं. मागं बसलेल्या बाईंचा पदर, ओढणी आणि गुरुजींच्या गळ्यातलं उपरणं नीट खोचलेलं असावं, चाकात गेलं तर अनर्थ होतो. गाडीवर दोघंच. तिसऱ्याला “जरा सरकून बस” म्हणू नका. लायसन, गाडीचं पुस्तक, विमा आणि धुराचा दाखला जवळ ठेवा, डिजिलॉकरमधले चालतात. आणि जेवणाबरोबर कोणी “थोडीशी” घेतली, तर त्याची किल्ली काढून घ्या. त्याचा राग आला तरी चालेल.

चौथी गोष्ट रस्त्यावरच्या शिस्तीची. सगळ्यांत पुढं रस्ता माहीत असलेला शांत माणूस. सगळ्यांत मागं अनुभवी माणूस, त्याला आम्ही पाठराख्या म्हणतो. आणि नवखा किंवा हळू चालवणारा कुठं? पुष्कळ जण त्याला शेवटी टाकतात. तसं करू नका. त्याला दुसरा ठेवा. म्हणजे पुढच्याचा वेग आपोआप त्याच्या वेगाइतका राहतो, आणि कोणालाच धावावं लागत नाही.

सरळ रस्त्यावर एक गाडी आपल्या बाजूच्या उजवीकडं, पुढची डावीकडं, अशी नागमोडी रांग ठेवा. कोणी कोणाच्या शेजारून गप्पा मारत जाऊ नये. घाटात, वळणावर आणि अरुंद रस्त्यावर एकामागं एकच. अंतराचं गणित मुलांनाही शिकवता येईल असं आहे. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पुढचा थांबला हे कळून आपला हात ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढी जागा संपते. म्हणून पुढच्यानं एखादा दगड ओलांडला की मनात “एक हजार एक, एक हजार दोन” मोजा. त्याच्या आत आपण दगडापाशी पोचलो, तर फार जवळ आहोत. ओल्या रस्त्यावर हे अंतर दुप्पट करा.

घाट चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून सोडायची सवय आपल्याकडं पुष्कळांना आहे. ती मोडा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरतं. ते बंद केलं की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून ढिले पडतात.

आणि आता मुख्य गोष्ट. जिथं रस्ता फुटतो, तिथं प्रत्येकानं आपल्या मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं. ती दिसली की निघायचं. पुढच्याची काळजी करायची नाही, मागच्याची करायची. एवढा एकच नियम पाळला तर कोणी हरवत नाही. आणि प्रत्येक थांब्यावर पाठराख्या मोठ्यानं माणसं मोजणार. डोंगरात फोनचा भरवसा धरू नका. सगळ्यांची नावं, रक्तगट आणि घरचे नंबर एका कागदावर लिहून पुढच्या आणि मागच्या दोघांच्या खिशात ठेवा.

तरीही कोणी पडलाच, तर आधी एकानं मागं जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवाव्यात. जखमीला ओढाताण करून उठवू नका. ११२ किंवा १०८ ला फोन करा. तिथं फोन लागत नसेल तर दोघांना खाली पाठवा, एकट्याला नको. आणि रस्त्यात दुसऱ्याचा अपघात दिसला तर “पोलिसांचं लचांड नको” म्हणून पुढं जाऊ नका. २०१९ साली कायद्यात कलम १३४ अ आलं आहे. मदत करणाऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध नाव-गाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. आमच्या गुरुजींना त्या दूधवाल्यानं उचललं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा कासला गेलो. ड्रॉइंगचे गुरुजी येतील असं वाटलं नव्हतं. पण ते आले. आम्ही त्यांना दुसऱ्या जागी ठेवलं. पठारावर पोचल्यावर पाठराख्यानं मोजायला सुरुवात केली. गुरुजींनी वर्गातल्यासारखा हात वर करून “हजर” म्हटलं. सगळे हसले. मला मात्र हसता आलं नाही, घसा भरून आला होता.

तेव्हा मंडळी, जरूर जा. डोंगर पाहा, तळी पाहा, मित्रांबरोबर भाकरी सोडा. पण निघताना मोजा, थांबताना मोजा, आणि रात्री प्रत्येक जण घरी पोचल्याचा निरोप आला की मगच सहल संपली असं समजा.