घरच्या खेळांतला वीर

आज मी आपणांपुढें एका खेळाविषयीं चार शब्द बोलणार आहे. खेळ परदेशचा आहे. पण गेल्या दोन पावसाळ्यांपासून तो डहाणूच्या आमच्या घरीं मेजावर मांडला जातो. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हें त्याचें नांव. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे खेळाडू एकेक वीर कल्पून त्याच्या वतीनें बोलतात. आणि संकटांत काय घडलें याचा निकाल फांसे देतात. प्रारंभीं प्रत्येक वीराचे सहा गुण ठरवावे लागतात: बळ, बुद्धि, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि इतरांवर छाप पाडण्याची शक्ति. मूळ नियमाप्रमाणें दर गुणासाठीं तीन फांसे टाकून बेरीज घ्यावयाची; म्हणजे तीनपासून अठरापर्यंत कोणताहि आंकडा येऊं शकतो.

माझ्या नातवानें पहिल्याच दिवशीं कोपऱ्यांत बसून, मनासारखे आंकडे येईपर्यंत फांसे टाकले. त्याच्या वीराला चार ठिकाणीं अठरा! शेजारची एक मुलगी मात्र आपल्या वीराच्या बळापुढें पांच लिहून मुकाट्यानें बसली होती. मी जुना गणिताचा मास्तर. तीन फांशांवर अठरा पडण्याचा संभव २१६ त एक, हें मीं त्याला कागदावर मांडून दाखविलें. चार फांसे टाकून सर्वांत लहान सोडून देण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. पण तसें केलें तरी १२९६ त २१ वेळांच अठरा येतात. नातू हंसून म्हणाला, “आजोबा, वीर म्हटला कीं तो सगळ्यांत पुढेंच असायला हवा ना?”

हें वाक्य माझ्या जिव्हारीं लागलें. कारण तें मुळांत माझेंच होतें. तीस वर्षें मीं मुलांना गुणांवरूनच ओळखलें. तलासरीकडील एका पाड्यावरून येणारा एक मुलगा गणितांत तिसऱ्यांदा नापास झाला, तेव्हां “तुझ्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं” असें मी सर्व वर्गादेखत बोललों. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत आला नाहीं; आणि मीहि त्याच्या घरीं गेलों नाहीं.

त्या रात्रीं मीं आमच्या घरापुरते चार नियम लिहून काढले.

पहिला नियम असा: फांसे सर्वांसमक्ष टाकावे, एकदांच टाकावे, आणि आंकडे पडतील त्याच क्रमानें लिहावे. मात्र कोणत्याहि दोन गुणांची अदलाबदल करण्यास मुभा आहे. यांत दैवाचा वाटा राहतो आणि मुलाच्या आवडीचाहि.

दुसरा नियम: सर्वांत उण्या आंकड्याची कथा आधीं सांगावी. त्या उणेपणामुळें वीर निराळें काय शिकला? येथें मी मुलांना आमच्याच तालुक्यांतील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची हकीकत सांगतों. लहानपणीं आई गेल्यावर त्यांची वाचा बंद झाली, आणि बोलण्याऐवजीं ते मातींत चित्रें काढूं लागले. लग्नप्रसंगीं घराच्या भिंतीवर वारली स्त्रिया जी कला रेखाटीत, ती त्यांनीं जगापुढें नेली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

तिसरा नियम: वीराला गांव असावें, आणि त्याची वाट पाहणारीं दोन माणसें तेथें असावींत. ज्याला गमावण्यासारखें कांहीं नाहीं त्याला भीति नाहीं. आणि भीतीच नसेल तर धैर्य कशाला म्हणावें?

चौथा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपला वीर कोणती गोष्ट कदापि करणार नाहीं, तें प्रत्येकानें आरंभींच लिहावें. तलासरी तालुक्यांतील झरी गांवीं १९४५ च्या मे महिन्यांत हजारों वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साहाय्यानें त्यांनीं निश्चय केला, कीं यापुढें वेठ करावयाची नाहीं, आणि बारा आणे रोख रोजावांचून जमीनदाराच्या शेतावर राबावयाचें नाहीं. त्या अर्धपोटी माणसांच्या बळापुढें फांशांनीं कोणता आंकडा लिहिला असता? पण त्या ‘नाहीं’नें पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ मोडली.

गेल्या दिवाळींत एका प्रसंगीं गुहेंत एक हमाल जखमी होऊन पडला. नातवाचा वीर खजिना घेऊन निघाला. मुलीच्या वीराचें ‘नाहीं’ असें होतें, कीं कोणालाहि मागें टाकावयाचें नाहीं. बळ पांच, हमाल उचलवेना. फांसाहि विरुद्ध पडला. तेव्हां ती म्हणाली, “मी इथंच याच्याजवळ बसते.” मेजावर कोणी बोलेना. थोड्या वेळानें नातवानें खजिना खालीं ठेविला आणि आपला वीर मागें फिरविला.

श्रोतेहो, त्यानंतर मी त्या पाड्यावर जाऊन आलों. माझा विद्यार्थी आतां मोठा बाप्या झाला आहे. तो कामासाठीं बाहेरगांवीं गेला होता. त्याच्या घरच्यांनीं मला चहा दिला. मीं त्यांना माझें नांव सांगितलें. पण त्याला तेव्हां काय बोललों होतों तें सांगण्याचा मला धीर झाला नाहीं. पुढल्या महिन्यांत पुन्हां जाणार आहे. तेवढें माझ्या वाट्याचें धैर्य मला मिळो, इतकें बोलून आपली रजा घेतों.