ठेव आणि शेअर

शेअरबाजार कोसळला कीं नाशिकच्या ठेवीदारासही आपल्या सहकारी बँकेची धास्ती वाटूं लागते. वस्तुतः ठेव म्हणजे बँकेस दिलेलें कर्ज. शेअर म्हणजे धंद्यांतील भागीदारी. २३ मार्च २०२० रोजीं मुंबईचा निर्देशांक एका दिवसांत सुमारें १३ टक्के उतरला. नाशिक मर्चंट्स बँकेच्या ठेव-पावतीवरील रक्कम त्यामुळें पैशानेंही घटली नाहीं. मात्र मुलीच्या फीसाठीं त्याच आठवड्यांत ज्यास शेअर विकावे लागले, त्याचा तोटा कायमचा झाला.

बँकेस खरें भय बुडीत कर्जांचें. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी संपून कापसाचे भाव उतरले, बॅकबे कंपनीचे शेअर कोसळले, आणि शेअरांच्या तारणावर मुक्तहस्तें कर्जें देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ सालीं बुडाली. आज सहकारी बँकांतील ठेवींसही विमा आहे. पण तो एका बँकेंत एका ठेवीदारास व्याजासह ५ लाखांपुरताच. पंचवटी आणि नाशिकरोड, दोन शाखांत पैसे विभागले तरी ही मर्यादा वाढत नाहीं.